कातड्याचें जाकीट

मागील अंकांत कल्हईच्या भांड्यांविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले, त्यावर बरीच पत्रें आलीं. त्यांपैकीं एका भगिनीनें कल्हईचा विषय दोन ओळींत आटोपून पुढें दोन पृष्ठें निराळ्याच गोष्टीवर लिहिलीं आहेत. चिरंजीव उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस निघाले आहेत. त्यांस कातड्याचें जाकीट हवें आहे. दुकानांत गेल्यावर मेंढी, बकरी, गाय, म्हैस असा सगळा गोठाच समोर मांडला जातो. किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर. आणि घरांत सासूबाईंना हा पदार्थ उंबऱ्याच्या आंत नको आहे. "आपण यांतील कांहीं जाणतां काय?" असा शेवटीं प्रश्न आहे.

दोन वर्षांपूर्वीं हा प्रश्न कोणीं केला असता, तर आमचा चर्मकलेशीं संबंध पायांतील वहाणांपुरता आहे, असें सांगून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु मध्यंतरीं आमच्याच घरीं हें प्रकरण उपस्थित झालें, आणि तें मिटेपर्यंत आम्हांस या वयांत पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें. तेव्हां जें शिकलों तें सांगतों.

आमचें घर इंदापुरास. तिघे भाऊ, एक चूल. आमचें स्वतःचें आयुष्य बारामतीच्या शाळेंत मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेलें; निवृत्त झाल्यावर पुन्हां इंदापुरास येऊन राहिलों. धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. दर शनिवारीं रात्रीं मोटारसायकलीवरून घरीं येतो. पुणें-सोलापूर रस्त्यानें हें अंतर सव्वाशें किलोमीटरांहून अधिक आहे, आणि भिगवणच्या पुढें उजनीच्या पाण्यावरून येणारा पौष-माघांतील वारा काय असतो, तें ज्यानें अंगावर घेतला आहे त्यानेंच सांगावें. त्यासाठीं त्यानें चार हजार रुपयांस एक काळें, चकचकीत जाकीट घेतलें होतें. ('जाकीट' म्हणजे आमच्या तरुणपणीं सदऱ्यावर घालावयाचें बिनबाह्यांचें वस्त्र, आतां त्यास बाह्या फुटल्या आहेत.) आंत कापडी चिठ्ठीवर 'लेदर' अशीं अक्षरें सोनेरी धाग्यानें विणलेलीं होतीं. पहिला पावसाळा गेला आणि कॉलरवर फोड आले. दुसरा गेला आणि उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी खांद्यावरची चकाकी सुटूं लागली. खालून निघालें पांढरें, जाळीदार कापड.

तेवढ्यावर निभावतें, तर आम्ही त्याची थट्टा करून विषय सोडून दिला असता. पण गाळपाचे दिवस होते. रात्रीं दहाच्या सुमारास मागें दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढें चाललेली, रस्त्यावर कांड्या सांडलेल्या. त्यावरून गाडी घसरली. शिरस्त्राण होतें म्हणून डोकें वांचलें. डावी बाही मात्र मनगटापासून कोपरापर्यंत कागदासारखी फाटली. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा घर्षणानें तापून जखमेंत चिकटला होता, तो डॉक्टरांनीं चिमट्यानें कणाकणानें काढला. चौदा टांके पडले. ट्रॉलीवाला थांबला नाहीं.

पंधरा दिवस मुलगा घरीं पडून होता आणि पंधरा दिवस घरांत एकच विषय होता. त्याच्या आईचें म्हणणें, मोटारसायकल विकून टाक. त्याचें म्हणणें, गाडी विकणार नाहीं, पण आतां खऱ्या कातड्याचें जाकीट घेईन. आमचे थोरले बंधू दादा पंच्याहत्तरीचे आहेत; त्यांनीं आयुष्यांत कापडी वहाणांखेरीज पायांत कांहीं घातलें नाहीं. ते म्हणाले, "एका जिवाचें कातडें वांचवावयास दुसऱ्या जिवाचें सोलावें, हा कोणता न्याय?" शेवटीं, 'तुम्ही शिकलेले, तुम्ही चौकशी करून सांगा' असा हुकूम होऊन हें काम आमच्यावर आलें.

संस्कृतज्ञाची खोड अशी कीं, कोणताही प्रश्न पुढें आला म्हणजे त्याचा हात प्रथम पोथीकडे जातो. अमरकोशांत अजिन, चर्म आणि कृत्ति हीं तिन्ही नांवें एका ओळींत शेजारीं बसलीं आहेत. शंकरास कृत्तिवास म्हणतात, म्हणजे कातडें हेंच ज्याचें वस्त्र आहे तो. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्याचें आसन सांगितलें, त्यांत कुश आणि वस्त्र यांच्या जोडीस अजिन आहे. आणि मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत तर ब्रह्मचाऱ्यांसाठीं काळविटाचें, रुरु नांवाच्या मृगाचें आणि बोकडाचें, अशीं तीन निरनिराळीं कातडीं वर्णपरत्वें नेमून दिलीं आहेत. म्हणजे कोणाच्या अंगावर कोणतें कातडें शोभतें, हा खल आजचा नव्हे! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून काळविटाच्या अजिनाचा प्रश्नच मिटला, आणि तें योग्यच झालें. आमच्याच बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यांत चिंकारा हरणें हिंडतांना पाहिलीं म्हणजे त्यांचें कातडें त्यांच्याच अंगावर किती शोभतें तें कळतें. असो. पोथीनें एवढेंच सांगितलें कीं, आमच्या पूर्वजांस कातड्याचा विटाळ सरसकट नव्हता. कोणतें घ्यावें हें सांगावयास मात्र पोथी उपयोगी नव्हती. त्यासाठीं जाणत्याकडे जाणें भाग होतें.

बारामतीस आमचा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे आजोबा मोटा शिवीत. आजच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं मोट पाहिलीही नसेल. विहिरीचें पाणी काढण्याची ही कातड्याची भली थोरली पिशवी. तिला खालीं कातड्याचीच सोंड. मोटेस जाड नाडा आणि सोंडेस बारीक सोंदूर, असे दोन दोर. बैल उतरणीवर गेले कीं मोट वर येई आणि सोंडेंतून पाणी थारोळ्यांत पडे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, तरी ज्या गांवांस त्याचें पाणी पोचलें नाहीं तेथें आमच्या बाळपणापर्यंत शेती मोटेवरच चाले, आणि मोट चाले ती ढोर आणि चांभार यांच्या हातावर. गांवाबाहेर ओढ्याकांठीं त्यांचीं कुंडें असत. आम्ही मुलें नाक दाबून तेथून पळत जात असूं. त्याच मोटेचें पाणी पिऊन वाढलेलीं धान्यें घरोघरीं नैवेद्यास चालत, तें असो.

हा मुलगा संस्कृतांत हुशार होता. चालतां-बोलतां धातुरूपें म्हणे. परीक्षेच्या आधीं तो आमच्या बारामतीच्या बिऱ्हाडीं अडलेलें विचारावयास येई. ओसरीवर बसे. त्यास तेथें बस असें कोणीं सांगितलें नव्हतें आणि आंत ये असेंही कोणीं म्हटलें नव्हतें. आमच्या मातोश्री त्यास चहा देत, तो कानतुटक्या निराळ्या कपांतून. तो कप आम्ही पाहत होतों आणि पाणिनि शिकवीत होतों. पुढें त्यानें शिक्षण सोडलें, मुंबईस धारावींत बारा वर्षें कातड्याच्या कारखान्यांत काढलीं, आणि बारामतीस परत येऊन पट्टे, पाकिटें, पिशव्या, जाकिटें यांचें लहानसें दुकान घातलें. आषाढांत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी अशी इंदापुरास येते, तेव्हां तो रिंगणाच्या मैदानाशेजारीं बसून वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवतो, हें आम्हांस ठाऊक होतें. दुकानाची पायरी मात्र आम्ही त्या दिवसापर्यंत चढलों नव्हतों.

त्यानें आम्हांस गादीवर बसविलें, चहा मागविला, आणि सगळें ऐकून घेतल्यावर ती फाटकी बाही हातांत घेऊन म्हणाला, "गुरुजी, यांत जनावरच नाहीं."

हा पहिला धडा. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवून त्यावर कातड्यासारखे ठसे उठवितात. बाजारांत त्यास पीयू म्हणतात, आपण सगळ्यालाच रेक्झीन म्हणतों, आणि अलीकडे त्याचेंच 'व्हेगन लेदर' असें बारसें झालें आहे. पीयूचा शत्रु म्हणजे हवेंतील ओलावा. ओलाव्यानें त्याचे रेणू हळूहळू तुटतात, त्यामुळें तें अंगावर असो वा कपाटांत असो, कांहीं वर्षांनीं सालपटतेंच. दुसरा प्रकार 'बाँडेड' नांवाचा. त्यांत कातड्याचा भुगा आणि चुरा चिकट द्रव्यांत कालवून कापडावर थापलेला असतो. आणि 'जेन्युइन लेदर' हा शिक्का पाहून ज्यांस हायसें वाटतें त्यांनीं सावध असावें. वस्तूंत कातडें आहे, एवढेंच तो शिक्का सांगतो. कोणत्या थराचें, हें सांगत नाहीं.

थराची गोष्ट आम्हांस त्यानें फार चांगली समजावून दिली. कातड्याचा एक कापलेला तुकडा उभा धरून त्याची कड दाखविली. वरच्या बाजूस, जेथें केस असतात तेथें, तंतु अतिशय बारीक आणि घट्ट विणलेले. खालीं जावें तसे जाड आणि मोकळे. गाय-म्हशीचें कातडें जाड असल्यामुळें यंत्रानें त्याचे आडवे पापुद्रे काढतात. वरचा थर राखून, त्याचा पृष्ठभाग न घांसतां जें तयार होतें तें 'फुल ग्रेन'. त्यावर जनावराचे ओरखडे, गोचिडांचे डाग, गळ्याच्या सुरकुत्या दिसतात. डाग घांसून, वर रंगाचा लेप देऊन एकसारखें केलेलें तें 'करेक्टेड ग्रेन'. आणि खालचा उरलेला थर तो 'स्प्लिट'. त्यास लेप देऊन वरच्यासारखें सोंग देतां येतें, पण वरच्या थराचें बळ त्यास येत नाहीं. "डाग दिसला कीं गिऱ्हाईक नाक मुरडतें," तो म्हणाला, "पण डाग हीच त्याची जन्मपत्रिका."

मग त्यानें चार तुकडे आमच्यापुढें पसरले आणि डोळे मिटून नुसत्या बोटांनीं ओळखा म्हणाला. आम्ही चारांपैकीं एक ओळखला. छडी त्याच्या हातांत नव्हती, हें आमचें भाग्य.

मेंढीचें कातडें सर्वांत मऊ. हातांतून रेशमासारखें घसरतें, घडी पडत नाहीं, अंगास लगेच बसतें. तरुणांची पहिली पसंती बहुधा यासच असते. पण मेंढीच्या कातड्यांत चरबी फार, आणि कमावतांना ती निघून गेली कीं वरच्या आणि खालच्या थरांमध्यें पोकळी राहते. म्हणून तें ओढीस आणि घांसणीस दुबळें. जाडी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर. बकरीचें याच्या उलट. पातळ असूनही तंतु गच्च, वर बारीक खडीसारखे दाणे, आणि जाडीच्या मानानें चिवटपणा मोठा. अमेरिकेच्या आरमारांतील वैमानिकांचें प्रसिद्ध जाकीट बकरीच्या कातड्याचें असे. गाय-बैलाचें कातडें जाड, भक्कम, गुळगुळीत, आणि परदेशीं मोटारसायकलस्वारांचीं जाकिटें पुष्कळदां त्याचींच असतात. म्हशीचें त्याहूनही जाड. वरचा दाणा ठसठशीत आणि राकट, वजन अधिक, पहिले दोन महिने अंगावर ढालीसारखें ताठ. 'सुएड' म्हणतात तें कातड्याच्या आंतल्या बाजूचें लवदार रूप. दिसावयास राजस, पण आपल्या धुळींत आणि पावसांत तें घेऊं नये.

जाकिटाचें मूळही तो सांगूं लागला तेव्हां आम्हांस कौतुक वाटलें. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनीं १९२८ मध्यें मोटारसायकलस्वारांसाठीं चेन लावलेलें जाकीट काढलें, तें घोड्याच्या कातड्याचें होतें. अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांसाठीं १९३१ मध्यें ठरलेलें ए-टू जाकीटही बहुधा घोड्याच्याच कातड्याचें होई. म्हणजे ज्या वस्त्रास आपण आज नखरा समजतों, तें वाऱ्यापासून आणि रस्त्यापासून अंग राखण्यासाठींच निघालें.

आम्हीं विचारलें, "तुझे आजोबा मोटेस जें कातडें वापरीत, त्याचें जाकीट होईल काय?" तो हंसला. आमच्या माळावर जिकडे तिकडे पिवळ्या फुलांचा तरवड दिसतो. त्याची साल, बाभळीची साल आणि सह्याद्रींतला हिरडा यांत तुरटपणा असतो, आणि त्या तुरट द्रव्यांत कातडें आठवडेच्या आठवडे मुरविलें कीं तें कुजत नाहीं. यास कमावणें म्हणतात. कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, ती अशाच बाभळीच्या आणि हिरड्याच्या कातड्याची. हें कातडें चपलेस, पट्ट्यास, मोटेस उत्तम, पण ताठ. जाकिटास हवा असतो मऊपणा, आणि तो क्रोमच्या क्षारांनीं कमावल्यानें येतो. ही विद्या युरोप-अमेरिकेंत गेल्याच्या गेल्या शतकांत निघाली. जर्मनीच्या नाप यांनीं १८५८ मध्यें आणि न्यूयॉर्कच्या शुल्ट्झ यांनीं १८८४ मध्यें तिचे मार्ग काढले. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासेंत अल्फ्रेड चॅटर्टन यांनीं तिचा पाया घातला, आणि १९४८ मध्यें त्याच शहरीं केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. क्रोमनें आठवड्यांचें काम एक-दोन दिवसांवर आलें. कातडें निळसर होतें, मऊ राहतें, उकळत्या पाण्यांतही आकसत नाहीं. पण त्याचें सांडपाणी नदींत सोडलें तर नदी मरते. कानपूरच्या कारखान्यांनीं गंगेंत सोडलेल्या मैल्यावरून १९८७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पाणी शुद्ध न करणारे कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला होता. स्वस्त कातड्याची किंमत कोणीतरी दुसरीकडे भरीत असतो, हें घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. मालाच्या मागें कारखान्याचें नांव विचारावें; सांगणारा दुकानदार बरा.

सायंकाळ झाली. निघतांना आम्ही त्यास म्हणालों, "आमच्याकडे येत होतास, तेव्हां तुला ओसरीवर बसवीत होतों." तो तुकडे गुंडाळीत होता. म्हणाला, "हो गुरुजी. तेथें उजेड चांगला असे." पुढें दोघांसही कांहीं सुचेना. आम्ही वहाणा पायांत घालून बाहेर पडलों.

घरीं येऊन सर्व निवेदन केलें. मुलाचें मन मेंढीवर बसलें होतें, कारण त्याच्या मित्रांपाशीं तेंच होतें. पण रस्त्यावर पडल्यावर उपयोगीं पडेल असें हवें तर मेंढी बाद, हें त्याची बाही पाहून त्याच्या आईनेंच ठरविलें. गाईचें कातडें आमच्या घरीं येणें शक्य नव्हतें. महाराष्ट्रांत गोवधास १९७६ च्या कायद्यानें आणि बैल-वळूंच्या वधास २०१५ च्या दुरुस्तीनें बंदी आहे, आणि बाजारांतलें असें कातडें कोठून कसें आलें हें सांगणार कोण? राहिली बकरी आणि म्हैस. आणि राहिले दादा.

दादांस आम्हीं वर्ध्याजवळच्या नालवाडीची गोष्ट सांगितली. गांधीजींच्या प्रेरणेनें तेथें गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवीत, आणि त्यांत केवळ आपल्या मरणानें मेलेल्या गुरांचेंच कातडें कमावलें जाई. दादा म्हणाले, "मग तसलें आण." तसलें जाकिटाजोगें कातडें बाजारांत मागून मिळत नाहीं, हें सांगण्याची पाळी आमच्यावर आली. वाद येथें खुंटला असता. तो फोडला धाकट्या सुनेनें, आणि तोही पानांत भाजी वाढतां वाढतां. नीरा-नरसिंहपूर हें आमचें कुलदैवत. नीरा-भीमेच्या संगमावर दर उत्सवास दादा स्वतः पखवाज वाजवितात. ती एवढेंच म्हणाली, "दादा, पखवाजाची पुडी बकरीची ना? आणि वाद्या म्हशीच्या?"

दादांनीं भात कालविला. जेवण होईपर्यंत ते बोलले नाहींत. हात धुवून आल्यावर म्हणाले, "मी हात लावणार नाहीं. पोराला काय हवें तें करा."

आम्हांस वाटतें, दादांचा आक्षेप पखवाजानें खोटा ठरला नाहीं. जीव तो जीवच, मग तो देवाच्या दारीं वाजो वा रस्त्यावर घांसो. पण चौदा टांके आम्हीं पाहिले होते. आमचा कौल म्हशीस पडला.

माप घेण्यास आमचा विद्यार्थी स्वतः इंदापुरास आला. ओसरीवर वहाणा काढून तो तेथेंच टेकूं लागला, तेव्हां वहिनींनीं 'आंत या, पंखा आंत आहे' म्हणून त्यास माजघरांत नेलें; वहिनींस जुनी हकीकत कांहींच ठाऊक नव्हती. त्यानें घेतलेली काळजी येथें लिहून ठेवतों, कारण तयार जाकीट घेणाऱ्यासही ती उपयोगीं पडेल. कातडें १.२ मिलिमीटरचें, वरच्या थराचें. पाठ एका अखंड तुकड्याची, आणि तीही जनावराच्या कण्याजवळच्या भागाची, कारण तेथें तंतु सर्वांत घट्ट. पोटाकडचें कातडें सैल आणि ताणणारें, तें फक्त आंतल्या खिशांस. जाकिटास असें साधारण तीस-चाळीस चौरस फूट कातडें लागतें. फार लहान लहान तुकडे जोडलेलें दिसलें कीं उरलेल्या चिंध्यांचें समजावें. खांदा आणि कोपर येथें दुहेरी कातडें, आणि आंत रक्षकपट्ट्या. त्यांवर ईएन १६२१-१ हा आंकडा छापलेला पाहून घ्यावा. तयार जाकिटावर ईएन १७०९२ या २०२० च्या युरोपीय मानकाचें चिन्ह असेल तर त्यांत एएए ही श्रेणी सर्वांत वरची. शिलाई नायलॉनच्या वा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची. सुती दोरा घामानें कुजतो. आणि गाडीवर हात पुढें ताणलेले असतात, म्हणून उभ्यानें पाहतां बाह्या दोन बोटें लांब वाटल्या तरी त्याच बरोबर.

पैसे अकरा हजार झाले. मजुरी गुरुदक्षिणा म्हणून सोडतों म्हणाला. आम्हीं ती मोजून दिली. शब्दरूपांचे पैसे आम्हांस सरकारनें दिले होते.

दुकानांत खरें-खोटें कसें ओळखावें, असें पत्रलेखिका विचारतात. आंगठा दाबून पाहावा. खऱ्या कातड्यावर आंगठ्याभोंवतीं बारीक सुरकुत्या पसरतात, नकलेवर नुसता खळगा पडतो. खिशाच्या वा चेनच्या आंत कापलेली कड शोधावी. तेथें कापडाची वीण दिसली कीं निकाल झाला. दाण्यांची नक्षी वीतभर अंतरानें हुबेहूब तीच आली तर ती साच्याची. वासावर विसंबूं नये, वास बाटलींत मिळतो. काडी लावून पाहण्याची विद्या सांगणारे पुष्कळ आहेत. दुकानदारानें हांकलून दिल्यास आमच्याकडे बोट दाखवूं नये.

निगेविषयीं एक अनुभव. नवें जाकीट ताठ वाटतें म्हणून वहिनींनीं मायेनें त्याच्या बाहीस खोबरेल चोळलें, जुन्या वहाणांस तेल पाजीत तसें. बाही काळवंडली, आणि पुढें त्यास खवट वास येऊं लागला. कातड्यासाठीं निराळें मलम मिळतें, तें वर्षांतून एक-दोनदां पुरे. पावसाळ्यांत प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, बुरशी येते. रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती धोतराच्या खोळींत, वारा लागेल असें ठेवावें. भिजलें तर सावलींत वाळवावें, उन्हांत वा शेगडीजवळ नव्हे.

आमचें जाकीट सोप्यांतील खुंटीवर असतें. देवघराच्या बाजूची खुंटी वहिनींनीं नाकारली. दादांनीं त्यास अद्याप हात लावलेला नाहीं. शनिवारीं मुलाचा भिगवणहून फोन आला कीं तेच आधीं घेतात आणि जाकीट घातलें आहे ना, असें विचारतात.

आतां जर्मनीचें. चिरंजीव तेथें मोटारसायकल चालविणार नसतील, तर म्हशीचें ओझें त्यांस नको. बकरीचें मध्यम जाडीचें घ्यावें. फार मऊ हवें असेल तर मेंढीचेंही चालेल, तेथें तें रस्त्यावर घांसावयाचें नाहीं. पण कातडें वारा अडवितें, ऊब देत नाहीं. तेथील खऱ्या हिंवाळ्यास लोंकरीचा वा पिसांचा कोट लागेलच, आणि पैसा एकाच वस्तूपुरता असेल तर तो आधीं घ्यावा. तरीही जाकीट घेणारच असाल, तर मापाच्या दिवशीं मुलाच्या अंगांत जाड स्वेटर घालून त्यास दुकानांत न्यावें.